माद्रिदचा शॉर्टकट

एक प्रश्न विचारते. तुम्ही रात्री एका पडक्या खानावळीत शिरलात. आत चिटपाखरू नाही. तेवढ्यात एक दासी येते आणि म्हणते, "बाईसाहेबांनी जेवायला बोलावलंय." तळघरासारख्या वाटेनं खाली गेलात तर आत राजवाडा! दोन सुंदर राजकन्या, ताटं वाढलेली. त्या सांगतात, आम्ही तुझ्या नात्यातल्या बहिणी, आणि तुला आमच्या दोघींशीही लग्न करायचंय. वर एका कवटीच्या पेल्यातून काहीतरी प्यायला देतात. तुम्ही पिता. सकाळी डोळे उघडता तेव्हा ना राजवाडा, ना राजकन्या. तुम्ही उघड्या माळावर फाशीच्या खांबाखाली पडला आहात, आजूबाजूला हाडं-कवट्या, आणि वर दोन डाकू लटकताहेत.

तुम्ही काय कराल? मी तर घरी फोन लावीन. पण आपला हीरो उठतो, कपडे झटकतो, टोपी नीट करतो आणि पुढच्या प्रवासाला निघतो. जणू रोजच असं होतं!

हा हीरो म्हणजे अल्फोन्स व्हान वॉर्डन, आणि सिनेमा आहे वोयचेख हास या पोलिश दिग्दर्शकाचा, १९६५ सालचा. नावाचा मराठीत अर्थ 'साराघोसा इथं सापडलेलं हस्तलिखित'. ब्लॅक अँड व्हाइट, तीन तास दोन मिनिटं लांब, भाषा पोलिश, गोष्ट स्पेनमधली. एवढं सांगितल्यावर आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी पाठ फिरवली होती. उरलेल्यांपैकी दोघं मध्येच झोपले. पण जे शेवटपर्यंत जागे राहिले ते नंतर आठवडाभर मेसमध्ये एकच वाद घालत होते : "म्हणजे नक्की झालं काय?"

हा लेख त्या वादातून आलाय. हा सिनेमा 'समजत नाही' असं सगळे म्हणतात. माझं म्हणणं असं की तो आपल्याला, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांना, इतरांपेक्षा लवकर समजायला हवा. कारण त्याची बांधणी आपण दुसऱ्या वर्षाला शिकतो. (आणि बरेचसे परीक्षेनंतर विसरतो, ते सोडा.)

गोष्ट थोडक्यात (शक्य तितकी!)

सिनेमा सुरू होतो तो नेपोलियनच्या काळातल्या लढाईत. साराघोसा शहरात गोळीबार चाललाय. एक अधिकारी पळत एका घराच्या माडीवर शिरतो. तिथं टेबलावर एक भलंमोठं पुस्तक. त्यात चित्रं : दोन फासावर लटकलेले पुरुष, पलंगावर दोन स्त्रिया. तो चाळायला लागतो. शत्रूपक्षाचा अधिकारी त्याला पकडायला येतो, पण तोही पुस्तकात डोकावतो आणि म्हणतो, अरे, हे तर माझ्या आजोबांबद्दल आहे! मग काय, अटक राहिली बाजूला. बाहेर लढाई चालू आणि आत हे दोन शत्रू शेजारी शेजारी बसून वाचताहेत. एक भाषांतर करतोय, दुसरा ऐकतोय.

ते आजोबा म्हणजे आपला अल्फोन्स. तो राजाच्या वॅलून गार्डमधला कॅप्टन. त्याला माद्रिदला जायचंय आणि तेही सगळ्यात जवळच्या रस्त्यानं. तो रस्ता सिएरा मोरेनाच्या डोंगरातून जातो. सगळे सांगतात, त्या बाजूला भुताटकी आहे, जाऊ नकोस. पण हा पडला लष्करी माणूस, अब्रूला जपणारा. घाबरला असं कोणी म्हटलं तर? तो शॉर्टकटच घेतो.

त्यानंतर पहिल्या भागात जे होतं ते साधारण असं. व्हेंटा केमाडा नावाची खानावळ, एमिना आणि झिबेल्दा या मूर राजकन्या, सकाळी फाशीचा खांब. मग एक संन्यासी, त्याच्याकडे पाचेको नावाचा भूतबाधा झालेला एकडोळ्या माणूस. तो आपली गोष्ट सांगतो, तर तीही दोन बहिणींची आणि फाशीच्या खांबाची! पुढे अल्फोन्सला इन्क्विझिशनचे लोक पकडतात. त्याला सोडवायला कोण येतं? त्याच दोन राजकन्या, आणि त्यांच्याबरोबर झोटो बंधू, म्हणजे ज्यांना आपण फासावर लटकलेलं पाहिलं तेच दोघं डाकू, अगदी ठणठणीत. पुन्हा राजवाडा, पुन्हा प्रेमाच्या गोष्टी, आणि इतक्यात म्हातारा शेख गोमेलेझ येऊन तलवारीच्या धाकानं पुन्हा तोच कवटीचा पेला पाजतो. सकाळी पुन्हा खांब. या वेळी शेजारी आणखी एक गृहस्थ झोपलेले. ते काबालिस्ट, म्हणजे ज्यू परंपरेतल्या गूढविद्येचे जाणकार. दोघं एकमेकांची ओळख करून घेतात आणि काबालिस्ट त्याला आपल्या किल्ल्यावर पाहुणा म्हणून घेऊन जातो. वाटेत एक गणितज्ञ भेटतो, तोही येतो.

इथपर्यंत तुम्हाला वाटेल, हा भुताचा सिनेमा आहे. तर नाही, ही कॉमेडी आहे. हसू येतं ते विनोदांवर नाही, तर सगळ्यांच्या शिष्टाचारावर. प्रेतांशेजारी जाग येणं ही या लोकांना चारचौघात शिंक आल्यासारखी किरकोळ अडचण वाटते. अल्फोन्सचं काम केलंय झ्बिग्नेव्ह त्सिबुल्स्की या नटानं. 'ॲशेस अँड डायमंड्स' (१९५८) या सिनेमामुळे तो पोलंडमध्ये प्रचंड लोकप्रिय झाला होता. इथं तो थोडा जाडसर, थोडा गोंधळलेला, पण कायम सभ्य पाहुणा आहे. यजमान कितीही विक्षिप्त असो, हा "नाही" म्हणत नाही. वाढतील ते खातो, देतील ते पितो, सांगतील ते ऐकतो.

मेसमधल्या ताटांची चळत

आता दुसरा भाग. खरी गंमत इथं आहे, आणि लोक झोपतात तेही इथंच.

किल्ल्यावर जिप्सींचा नायक अवादोरो येतो आणि आपल्या तरुणपणाची गोष्ट सांगायला लागतो. त्या गोष्टीत त्याला सुआरेझ नावाचा एक जखमी तरुण भेटतो. पट्ट्या बांधून अंथरुणात पडलेला. तो आपली गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत बुस्केरोस नावाचा एक नको तिथं नाक खुपसणारा माणूस येतो. (असा एक नमुना प्रत्येक हॉस्टेलला असतो.) तो आपली गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत फ्रास्केटा नावाची एक बाई येते, म्हाताऱ्या नवऱ्याची तरुण बायको. ती आपली गोष्ट सांगते...

आणि लक्षात ठेवा, ही सगळी गोष्ट मुळात कोण वाचतंय? साराघोस्यातले ते दोन अधिकारी!

डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला आठवतंय का? स्टॅक. शेवटी आला तो आधी गेला. मी कॉन्व्हेंटची असल्यानं स्टॅकला मराठीत काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. आजीला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "मग सरळ चळत म्हण की." किती चपखल शब्द! मेसमधली ताटांची चळत. धुतलेलं नवं ताट वर ठेवायचं आणि घेतानाही वरचंच घ्यायचं. तळातलं ताट हवं असेल तर वरची सगळी उचलल्याशिवाय मिळत नाही.

प्रोग्राममध्ये एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा हेच होतं. पहिलं फंक्शन जिथं होतं तिथंच थांबतं, त्याची अवस्था चळतीवर ठेवली जाते, दुसरं चालू होतं. दुसऱ्यानं तिसऱ्याला बोलावलं तर दुसरंही थांबतं. आणि शेवटचं संपलं की उत्तर घेऊन एकेक पायरी मागे यायचं. हासचा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वहीत असं लिहून ठेवलं होतं :

अधिकारी ( अल्फोन्स ( अवादोरो ( सुआरेझ ( बुस्केरोस ( फ्रास्केटा ) ) ) )

सहा पातळ्या! आणि ही नुसती मुख्य ओळ. मधूनमधून फुटणारे फाटे वेगळेच. बरं, आपल्याला हे अवघड जातं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मूळ कादंबरीतला गणितज्ञ वेलास्केझसुद्धा वैतागतो आणि म्हणतो की असल्या गोष्टी तक्त्यासारखे रकाने पाडून लिहायला हव्यात. बघा, दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी स्प्रेडशीट मागत होतं!

आपल्याकडच्या वाचकाला ही पद्धत तशी ओळखीचीच आहे. वेताळपंचविशीत विक्रम राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा बोलतो आणि प्रेत परत झाडावर! तोच लटकलेला मुडदा, तीच परत पहिल्या जागी यायची शिक्षा. पंचतंत्रात तर एका गोष्टीतलं पात्र दुसरी गोष्ट सांगतं आणि दुसरीतलं तिसरी. पंचतंत्र पहलवी आणि अरबीमार्गे युरोपात पोचलं, हा इतिहास आहे. अरबी सुरस कथा १७०४ पासून फ्रेंचमध्ये छापल्या जात होत्या. म्हणजे ही गोष्टीत गोष्ट गुंफायची कला आपल्या बाजूनंही युरोपकडे गेलेली आहे. फक्त वेताळपंचविशीत प्रत्येक कंस लगेच बंद होतो. इथं तो लांबत जातो.

लेखक होता कॅप्टन ऑफ इंजिनिअर्स

ही कादंबरी लिहिणारा माणूस म्हणजे स्वतःच एक सिनेमा आहे. यान पोतोत्स्की (१७६१ ते १८१५), पोलिश सरदार. तो पोलिश सैन्यात इंजिनिअर्सचा कॅप्टन होता, म्हणजे आपल्यातलाच! तुर्कस्तान, इजिप्त, मोरोक्को असा फिरला. १७९० मध्ये वॉर्सामध्ये ब्लांशारबरोबर फुग्यातून आकाशात गेला. भाषा, प्राचीन इतिहास, लोकांच्या चालीरीती यांवर त्यानं ग्रंथ लिहिले. आणि पोलिश असून ही कादंबरी लिहिली फ्रेंचमध्ये.

पुढची हकिगत तर कादंबरीला शोभेल अशी. पुस्तकाचे तुकडे कधी पीटर्सबर्गला छापले, कधी पॅरिसला. पोतोत्स्कीच्या हयातीत पूर्ण फ्रेंच मजकूर एकत्र कधी छापलाच गेला नाही. १८४७ मध्ये एडमुंड होयेत्स्कीनं त्याचं पोलिश भाषांतर केलं. नंतर मूळ फ्रेंच हस्तलिखितातले काही भाग हरवले, आणि १९८९ च्या फ्रेंच आवृत्तीत हरवलेल्या जागा या पोलिश भाषांतरावरून पुन्हा फ्रेंच करून भराव्या लागल्या! फ्रेंचमधून पोलिश, पोलिशमधून परत फ्रेंच. २००२ मध्ये रोसे आणि त्रियेर या दोन अभ्यासकांना हस्तलिखितं सापडली आणि कळलं की पोतोत्स्कीच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या आहेत, एक १८०४ ची आणि एक १८१० ची. 'सापडलेलं हस्तलिखित' हे नाव असलेलं पुस्तक खरोखरच हरवलं आणि खरोखरच सापडलं.

सिनेमाचंही थोडं तसंच झालं. परदेशात दाखवताना त्याची लांबी बरीच कापली गेली. आता तुम्हीच विचार करा. सरळ गोष्टीतला एखादा सीन कापला तर फार बिघडत नाही. पण कंसात कंस असलेल्या रचनेत मधला तुकडा कापला तर काय होईल? आपण कोडमधली एक ओळ उडवली की जे होतं तेच. एरर एकीकडे दिसणार आणि चूक दुसरीकडे असणार. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया तरुणपणापासून या सिनेमाचा भक्त होता. पूर्ण प्रत शोधून दुरुस्त करण्यासाठी त्यानं बर्कलीच्या पॅसिफिक फिल्म आर्काइव्हला पैसे दिले. १९९५ मध्ये तो वारला. मग मार्टिन स्कॉर्सेसीनं काम पुढे नेलं आणि १९९७ मध्ये पूर्ण लांबीची प्रत प्रेक्षकांसमोर आली. आज आपण बघतो तो पूर्ण सिनेमा अशा लोकांच्या हट्टामुळे. लुई बुन्युएल, ज्याला सर्रिअल सिनेमाचा बादशहा म्हणतात, त्यानं आत्मचरित्रात लिहिलंय की त्यानं हा सिनेमा तीनदा पाहिला. एरवी तो एकच सिनेमा पुन्हा क्वचितच बघायचा.

आणखी एक गंमत. सिनेमात दिसणारं स्पेन स्पेन नाहीच. ते पोलंडमधलं व्रोत्सवाफ शहर आणि क्राकूफ-चेन्स्तोहोवा पठारावरचे पांढरे चुनखडीचे खडक. कॅमेरामन मिएचिस्लाव याहोदानं ते असे टिपलेत की उन्हाचे चटके जाणवतात. संगीत पेंडरेत्स्कीचं. त्यात कधी स्पॅनिश गिटार वाजते, तर कधी इलेक्ट्रॉनिक आवाज कानाशी घोंगावतात. एकाच सीनमध्ये हसावं की घाबरावं हे कळत नाही, त्यात या आवाजांचा मोठा वाटा आहे.

खिडकीतला आवाज

आता मुद्द्यावर येते. गोष्टीत गोष्ट हा फक्त स्टाइलचा खेळ आहे का? "बघा आम्ही किती पातळ्या केल्या" असं दाखवायला? मलाही आधी तसंच वाटत होतं. पण दुसऱ्या भागातला एक धागा नीट धरला तर वेगळंच काही हाती लागतं.

टोलेडो नावाचा एक सरदार आहे. मौजमजा करणारा, प्रेमप्रकरणांत रमलेला. आगिलार हा त्याचा मित्र. दोघांमध्ये असं ठरलेलं असतं की जो आधी मरेल त्यानं परलोकात खरंच काही आहे का ते येऊन सांगायचं. आगिलार द्वंद्वयुद्धात मरतो. आणि रात्री टोलेडोच्या खिडकीशी एक आवाज येतो. टोलेडो हादरतो. नरक आहे, शिक्षा आहे, आपण पापी आहोत! त्याचं हसणं-खेळणं संपतं. तो सगळं सोडून देवाधर्माला लागतो. चांगला उमदा माणूस भीतीनं कोमेजतो.

आता बऱ्याच वेळानं, चळतीत आणखी खाली, पट्ट्या बांधलेला सुआरेझ आपली रडकहाणी सांगत असतो. बापानं बजावलेलं की मोरो घराण्याशी संबंध ठेवायचा नाही, आणि हा पठ्ठ्या नेमका मोरोच्या मुलीच्या, इनेझच्या, प्रेमात. मदतीला कोण? तर नाक खुपसणारा बुस्केरोस. रात्री शिडी लावून तिच्या खिडकीशी जायचं ठरतं. बुस्केरोस शिडी लावतो ती चुकीच्या खिडकीला! सुआरेझ खिडकीशी बोलतो, आतून भलताच आवाज येतो, हा खाली पडतो, हाडं मोडतात.

कळलं का? परलोकातून आलेला तो आवाज म्हणजे शिडीवरचा हा बिचारा प्रेमी होता!

सिनेमागृहात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. प्रश्न पडला एका पातळीवर आणि उत्तर मिळालं तीन कंस आत गेल्यावर. टोलेडोला कितीही बुद्धी असती, त्यानं कितीही विचार केला असता, तरी त्याच्या पातळीवर उत्तर नव्हतंच. तिथं फक्त परिणाम होता, कारण दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीत पडलेलं होतं.

आणि हे कोडं सोडवलं कुणी? गणितज्ञानं नाही. काबालिस्टनं तर नाहीच, त्याच्याकडे सगळे गूढ मंत्र असूनही. सोडवलं तेव्हाच्या अवादोरोनं, आणि त्यानं कुठलीही हुशारी केली नाही. त्यानं फक्त दोन्ही माणसांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एकीकडे टोलेडोची भीती ऐकली, दुसरीकडे सुआरेझचं रडगाणं ऐकलं. दोन्ही टोकं त्याच्याकडे होती म्हणून गाठ सुटली.

माझ्या मते संपूर्ण सिनेमाची किल्ली इथं आहे. आपण हा सिनेमा कोडं म्हणून सोडवायला बसतो. राजकन्या खऱ्या की भुतं? स्वप्न की सत्य? आमच्या मेसमधल्या वादातही प्रत्येकाची थिअरी होती आणि कुणीच दुसऱ्याची थिअरी पूर्ण ऐकत नव्हतं. (त्यात मी सगळ्यात पुढे.) पण हा सिनेमा सोडवणाऱ्यांचा नाही, ऐकणाऱ्यांचा आहे. पाहुण्याचं काम काय असतं? यजमान सांगेल ते ऐकणं. अल्फोन्स त्यात पहिल्या नंबरचा.

उघडा राहिलेला कंस

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, टोलेडोचं कोडं सुटलं. पण अल्फोन्सचं काय?

(सिनेमा बघायचा असेल आणि शेवट आधी कळलेला आवडत नसेल तर पुढचे तीन परिच्छेद सोडा.)

शेवटाकडे शेख गोमेलेझ समोर येतो आणि सगळं उलगडून सांगतो. हा सारा एक खेळ होता, तुझी परीक्षा घेण्यासाठी रचलेला. तू घाबरतोस का, शब्द मोडतोस का, हे बघायचं होतं. तू पास झालास. आता हे मोठं पुस्तक घे आणि आपल्या गोष्टीचा शेवट तूच लिही. वा! सगळी उत्तरं मिळाली. आपल्याला हेच तर हवं असतं, पुस्तकाच्या मागच्या पानावर उत्तर.

आणि दुसऱ्या क्षणी अल्फोन्स पुन्हा फाशीच्या खांबाखाली जागा होतो. तिसऱ्यांदा! या वेळी त्याचे दोन नोकर जवळच आहेत, जणू प्रवास अजून सुरूच व्हायचाय. पुढे तो साराघोस्याच्या एका खानावळीत बसून पुस्तकात लिहीत असतो. तेवढ्यात निरोप येतो की दोन राजकन्या व्हेंटा केमाडाला तुमची वाट बघताहेत. तो पुस्तक भिरकावून देतो. पुस्तक पडतं एका टेबलावर. तेच टेबल, जिथं सुरुवातीला अधिकाऱ्याला ते सापडलं होतं.

आता वहीतली माझी ओळ पुन्हा बघा. उघडणारे कंस पाच, बंद होणारे चार. छपाईची चूक नाही. एकेक गोष्ट संपत बाहेर आलो, पण सगळ्यात बाहेरच्या कंसाकडे, त्या दोन अधिकाऱ्यांकडे, सिनेमा परत जातच नाही. ते वाचून उठले का? त्यांनी एकमेकांना सोडलं का? बाहेरची लढाई कोण जिंकलं? काही कळत नाही. कंपायलर असता तर केव्हाच ओरडला असता. हासनं तो कंस मुद्दाम उघडा ठेवलाय असं मला वाटतं, कारण त्यांच्या जागी आता आपण बसलेलो असतो. आपणही बाहेर चाललेलं सगळं विसरून तीन तास दुसऱ्या कुणाच्या आजोबांची गोष्ट बघत होतो.

हे सगळं कशासाठी सांगितलं? अल्फोन्सला माद्रिदला सगळ्यात जवळच्या रस्त्यानं जायचं होतं. आपलंही तसंच आहे. दहावी, बारावी, सीईटी, मग इथं, मग कॅम्पस, मग पॅकेज. ग्राफ थिअरीतला डायक्स्ट्राचा अल्गोरिदम लावावा तसा आपण आयुष्याला सगळ्यात छोटा मार्ग शोधत असतो. वाटेत कोणी थांबवलं की चिडतो. रूममेट रात्री दोनला घरचं काही सांगायला लागतो तेव्हा आपण "उद्या सबमिशन आहे रे" म्हणून भिंतीकडे वळतो. मागच्या वर्षी आमच्या विंगमधली एक मुलगी सेमिस्टरच्या मध्येच कॉलेज सोडून घरी गेली. तिला काय झालं होतं याबद्दल प्रत्येकीची थिअरी होती. तिच्याकडून पूर्ण गोष्ट ऐकलेली मात्र आमच्यात एकही नव्हती. टोलेडोचा धागा बघताना मला ती आठवली. आपण ज्याला कुणाचा विक्षिप्तपणा म्हणतो त्याचं कारण कदाचित दुसऱ्याच कंसात असतं, आणि तिथं पोचायचा ऐकण्याखेरीज दुसरा रस्ता नाही.

बघायचा असेल तर

काही प्रॅक्टिकल टिप्स देते.

एक, वही-पेन घेऊन बसा. नवीन माणूस "माझी गोष्ट अशी" म्हणाला की कंस उघडा, गोष्ट संपली की बंद करा. दुसरा भाग एकदम सोपा होतो.

दोन, सिनेमा दोन भागांत आहे, मध्ये सरळ चहा घ्या. सलग तीन तास बसायची शर्यत लावू नका.

तीन, पहिल्या भागातल्या गोष्टी लक्षपूर्वक बघा : पेला, खांब, दोन बहिणी, मोठं पुस्तक. ज्या वस्तू पुन्हा पुन्हा येतात त्या म्हणजे आपण कुठे आहोत हे सांगणारे मैलाचे दगड.

चार, सबटायटल्स वाचून डोकं दुखलं तर थांबा, पण फास्ट फॉरवर्ड करू नका. टोलेडोच्या खिडकीतला आवाज तेवढ्यात निघून जाईल आणि मग शिडीचा अर्थच लागणार नाही.

आवडला तर हासचाच 'अवरग्लास सॅनेटोरियम' (१९७३) बघा. त्यातही एक प्रवासी आहे, तो वडिलांना भेटायला एका विचित्र सॅनेटोरियममध्ये जातो, आणि तिथं वेळच वेगळी चालते. त्या सिनेमाला कान महोत्सवात ज्युरी प्राइझ मिळालं होतं. तो यापेक्षा उदास आहे. म्हणून आधी अल्फोन्सबरोबर जा.

आणि कुणाबरोबर तरी बसून बघा, एकट्यानं नको. संपल्यावर तो किंवा ती आपली थिअरी सांगायला लागेल. ती चूक आहे हे तुम्हाला पहिल्याच वाक्याला कळेल. तरीही पूर्ण ऐकून घ्या.